प्रतिसाद: सरसकट 'घेऊच नका' असं नको
ताई, तुम्ही वर लिहिलंय की पाळी जाताना होणाऱ्या त्रासासाठी हार्मोन घेतले की कॅन्सर होतोच, कुणी घेऊ नका, पण ही भीती पसरली ती अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासावरून आणि त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, बहुतेकींची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली. साठीच्या आत, पाळी गेल्यावर १० वर्षांत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त, असं आता डॉक्टर मानतात.

मी ४९ ची. डिसेंबरातही पहाटे तीनला घामाने गाऊन ओलाचिंब, उशीचा अभ्रा बदलायचा आणि मग डोळ्याला डोळा नाही. आमच्या गायनॅकनी आधी बीपी, मॅमोग्राफी, घरात कुणाला रक्ताची गुठळी झालीय का सगळं बघितलं, मग इस्ट्रोजेन या हार्मोनचं जेल दिलं, कारण त्वचेतून घेतलं की गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी, आणि गर्भाशय आहे म्हणून रात्री प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन, ते अजिबात चुकवायचं नाही, नुसत्या इस्ट्रोजेनने आतलं अस्तर वाढतं. माझ्या जावेला मात्र ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, तिला हे नाही चालत, तिला बिनहार्मोनची गोळी दिलीय आणि तिचेही घाम बरेच कमी झालेत.