पावसाळ्यात १:२४ मापाची एफ-४० : बॉडी आता रंगवावी की थांबावे?

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार मंडळी. तामिया या जपानी कंपनीचे फेरारी एफ-४० चे १:२४ मापाचे किट (सुटे प्लास्टिकचे भाग जोडून करायची छोटी प्रतिकृती) नुकतेच हाती आले आहे. फेरारी कंपनीच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त १९८७ मध्ये आलेली ही गाडी माझ्या विशेष आवडीची असल्यामुळे ती घाईने जोडून कपाटात ठेवायची नाही, असे ठरवले आहे. मागचे झाकण उघडल्यावर आतले इंजिन पाहणाऱ्याला खरे वाटावे, एवढे बारीक काम करण्याची इच्छा आहे.

माझ्याकडे एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे छोटे साधन) नाही. स्प्रे कॅनने बाल्कनीत रंगकाम करावे लागेल आणि सध्या तर नाशिकला दिवसदिवस पावसाची रिपरिप चालू आहे. अशा हवेत चकचकीत लाल रंग नीट बसेल का? ओळखीच्या एका गॅरेजवाल्यांनी हवी ती छटा मिसळून देण्याची तयारी दाखवली आहे. पण मोटारीचा तो रंग किटच्या प्लास्टिकला सोसेल का? आणि इंजिनात स्वतःच्या हाताने भर घालायची झाल्यास सुरुवात कुठून करावी?

सातपूरकर

बॉडी आता रंगवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लॅकर रंगातील (द्रावक उडून वाळणाऱ्या रंगातील) द्रावक झपाट्याने उडते, त्यामुळे रंगाचा पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील बाष्प त्यावर सूक्ष्म थेंबांच्या रूपाने धरते. तेच थरात अडकले की रंग पांढुरका, धुरकट दिसू लागतो. मंद गतीने उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा मारून हा दोष पुष्कळदा घालवता येतो. परंतु एअरब्रशशिवाय तो उपाय हाताशी राहत नाही.

आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी होते आणि रंगकामाला तो काळ सर्वांत चांगला. थंडीतही काम करता येते. मात्र नाशिकची थंडी कडक असल्याने पहाटे-सकाळी कॅनमधला दाब उतरतो आणि रंग बारीक न फवारता थेंबांनी पडतो. त्यासाठी कॅन काही वेळ कोमट पाण्यात उभा ठेवावा. पाणी कधीही उकळते घेऊ नये आणि कॅन शेगडीजवळही नेऊ नये.

तोपर्यंतचा वेळ वाया जाणार नाही, कारण बॉडीची खरी मेहनत रंगाच्या आधीच असते. साच्यातून सुटावी म्हणून लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंश राहिलेला असतो, तो भांडी घासण्याच्या सौम्य साबणाने धुऊन काढावा. साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची बारीक कड वॉटर पेपरने घासून टाकावी आणि दारांच्या, झाकणांच्या फटी कोरणीने थोड्या खोल करून घ्याव्यात.

रंगकाम_अंबड

मोटारींचे रंगकाम हा माझा व्यवसाय आहे, म्हणून गॅरेजच्या रंगाबद्दल लिहितो. किटचे प्लास्टिक पॉलिस्टायरिन असते आणि गॅरेजमधला कडक थिनर त्याला खातो. पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात आणि मग ती बॉडी सुधारणे जवळजवळ अशक्य होते. हा रंग वापरायचाच असेल, तर मॉडेलसाठीचा प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) पूर्ण वाळू द्यावा आणि त्यावर पहिले थर अगदी कोरडे, धुक्यासारखे मारावेत. आधी सुट्या टाकाऊ तुकड्यावर पाहिल्याशिवाय बॉडीला हात लावू नये. हार्डनर मिसळून लावायच्या क्लिअरमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे, आणि घरातल्या बाल्कनीत ते मारूच नये, हे मी आग्रहाने सांगेन.

जाडीचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून थर १०० मायक्रॉनचा झाला, तर २४ पटीच्या हिशेबाने तो खऱ्या गाडीवरच्या २.४ मिलिमीटर लेपासारखा दिसतो. खऱ्या गाडीतली दाराची ४ मिलिमीटरची फट या मापात जेमतेम ०.१७ मिलिमीटर उरते, म्हणजे रंग जाड झाला की ती बुजलीच. शिवाय एफ-४० वर रंग इतका पातळ असे की विशिष्ट प्रकाशात बॉडीच्या कार्बन-केव्हलार धाग्यांची वीण त्यातून जाणवते. त्यामुळे या गाडीवर तरी जाड, काचेसारखा लेप चढवणे मला विसंगत वाटते.

बारकावे

इंजिनाची सुरुवात स्पार्क प्लगच्या वायरींपासून करावी. खरी वायर ७ ते ८ मिलिमीटर जाड असते, म्हणजे या मापात सुमारे ०.३ मिलिमीटर. मोटार वाइंडिंगच्या दुकानात ३० गेजची तांब्याची तार मिळते, ती ०.३१५ मिलिमीटरची असते आणि दिलेला वाक धरून ठेवते. हँडड्रिलने बारीक भोक पाडून टोक सुपरग्लूने बसवावे. बाजारात तयार मिळणाऱ्या पुष्कळ वायरी या मापाला जाड ठरतात आणि इंजिनावर दोरखंड टाकल्यासारखे दिसते.

तारा बसवण्यापूर्वी खऱ्या इंजिनाची छायाचित्रे जवळ ठेवावीत. प्रत्येक नळी कुठून निघून कुठे जाते हे कळल्याशिवाय एकही बसवू नये. चार नळ्या योग्य जागी असल्या तरी इंजिन भरलेले दिसते. या गाडीत गालिचे नाहीत आणि आतून दार उघडण्यासाठी साधी दोरी आहे. ती दोरी एका धाग्याने करता येते, आणि केबिनमधला हा बारकावा मला सर्वांत जास्त आवडतो.

काचा आणि मागचे पारदर्शक झाकण यांच्या आसपास सुपरग्लू वापरू नये, त्याच्या वाफेने पारदर्शक भाग धुरकट होतो. तिथे फेविकॉल पुरतो. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या कापडाने पुसता येतो.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. इंजिन आणि केबिन आता, बॉडी दसऱ्यानंतर, आणि रंग मॉडेलसाठीच्या कॅनचाच, असे ठरवतो. एक शंका राहिली : बॉडीचे प्लास्टिक मुळातच लाल आहे, तर प्रायमर टाळून थर वाचवता येईल का?

रंगकाम_अंबड

टाळू नये. लाल प्लास्टिकवर थेट रंग मारल्यास कडांवर तो विरळ बसलेला कळत नाही आणि घासलेल्या जागा वेगळ्या दिसतात. गुलाबी प्रायमरचा पातळ हात द्यावा. त्यावर लाल रंग कमी थरांत भरतो, म्हणजे एकूण जाडी उलट कमीच राहते. शेवटचा थर दिल्यावर बॉडी झाकून ठेवावी आणि अधूनमधून नाकाजवळ धरून पाहावी. थिनरचा वास येत असेल तोवर रंग आतून ओला आहे, असे समजून पॉलिशला हात घालू नये.