मदत हवी आहे : पकडीच्या वेळी पोरं एकमेकांशी बोलतच नाहीत

नमस्कार मंडळी. गुहागरजवळच्या आमच्या वाडीच्या कबड्डी संघाला मी शिकवतो. पोरांच्या अंगात ताकद आहे, चढाईही बरी आहे. घोडं अडतं ते पकडीत. सातही जण मुके! परवा उजव्या कोपऱ्याने (त्या टोकाला उभ्या पोराने) एकट्यानेच चढाईवाल्याच्या घोट्याला झेप घेतली. साखळीतला (एकमेकांचे धरलेले) हात सुटला, शेजारच्याला कळलंच नाही. चढाईवाला तिघांना मारून मध्यरेषेवर पोचला. मग घरी येईपर्यंत टेम्पोत "तू का नाही आलास?" एवढंच चाललेलं. जीव तुटतो हो बघून.

चढाई 30 सेकंदांची, त्यात लाऊडस्पीकरवरचं समालोचन, ओरडलेलं ऐकू येत नाही. म्हणून हात दाबून खूण ठरवली : एकदा दाबला तर थांब, दोनदा दाबला तर झेप. पण खेळाच्या भरात विसरतात. तिघेच उरले असताना पकड झाली की सुपर टॅकल म्हणून जादा गुण असतो, नेमके तेव्हाच गोंधळतात.

निम्मी पोरं मुंबईला. शिमग्याला आणि मे महिन्यात काय ती एकत्र येतात. एवढ्या थोड्या दिवसांत ही सवय कशी लावायची? डोळे बांधून साखळीचा सराव कुणी करून पाहिलाय का? आणि इशारा कुणी द्यायचा, कोपऱ्याने की त्याच्या शेजारच्याने? जाणत्यांनी कृपया सांगा.