प्रतिसाद: रांग मोडणारे आणि स्पीकरवर मोबाईल
या चर्चेत एकांनी लिहिलंय की बसमध्ये स्पीकरवर रील्स बघणाऱ्यांना सांगून काही उपयोग नाही, उलट भांडणच होतं. मला तसं नाही वाटत, सांगायची पद्धत बघावी लागते. गेल्या महिन्यात बसमध्ये शेजारी एक पोरगं मोठ्यानं व्हिडिओ लावून बसलेलं, पुढच्या सीटवर डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली आजी, दर आवाजाला दचकायची. मी नुसतं म्हटलं, "भावा, आवाज जरा बारीक कर की, आजींचं ऑपरेशन झालंय." त्यानं लगेच बंद केला, आणि उतरताना आजींची पिशवी पण खाली घेतली. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं ओ.

रांगेचं मात्र मला जास्त लागतं. कोल्हापुरात गंगावेशला दूध कट्ट्यावर, जिथं समोरच म्हैस पिळून दूध देतात, संध्याकाळी धारोष्ण दूध प्यायला गर्दी असते, तिथं लहान पोरं ग्लास धरून उभी असतात आणि मोठी माणसं त्यांच्या डोक्यावरनं हात पुढं करतात. पोराला काय बोलता येतंय? अशा वेळी बाजूच्यानं "आधी त्याला द्या" एवढं म्हटलं तरी बास होतं, दूध देणारा पण ऐकतो, मी बघितलंय.

आणि हॉर्न! दवाखान्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमात आहे ते, तरी सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागनं पीं पीं सुरू. आत कुणाचं तरी माणूस झोपलेलं असतंय हो.