‘जीवनगौरव’ : गौरव जीवनाचा की कार्याचा?

प्रश्न : ‘लाइफटाइम अचीव्हमेंट’साठी आपण सर्रास ‘जीवनगौरव’ म्हणतो. पण मूळ शब्दांत भर कर्तृत्वावर आहे, आपल्या शब्दात जीवनावर. ‘कारकीर्द-गौरव’ जास्त नेमका नाही का? आणि नोबेललाही जीवनगौरव म्हणावे का?

उत्तर : ‘कारकीर्द’ म्हटले की पद आणि कालावधी डोळ्यांपुढे येतो. अमुक अध्यक्षाची कारकीर्द, तमुक राजाची कारकीर्द. संशोधकाचे वा चित्रकाराचे काम असे मुदतीत बसत नाही. ‘गौरव’ हा शब्द ‘गुरु’ म्हणजे जड, यावरून आला. गौरव म्हणजे वजन. ‘त्यांच्या शब्दाला वजन आहे’ म्हणतो तेच. जीवनगौरव म्हणजे त्या आयुष्याला आलेले वजन, आणि ते कामामुळेच येते. मला हा शब्द मनापासून आवडतो.

नोबेलचे मात्र वेगळे. विज्ञानातले नोबेल ठरावीक शोधासाठी असते, मग तो कितीही जुना असो. अमेरिकी संशोधक पेटन राउस यांनी कोंबड्यांतल्या कर्करोगाचा विषाणू १९११ मध्ये दाखवला आणि नोबेल मिळाले १९६६ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी. वय पाहून जीवनगौरव म्हणायचा मोह होतो, पण गौरव त्या एका शोधाचाच होता.

याउलट फ्रेंच गणितज्ञ झाँ-पियेर सेर पाहा. १९५४ मध्ये, २७व्या वर्षी, त्यांना फील्ड्स पदक मिळाले. ते चाळिशीच्या आतल्या गणितज्ञांनाच देतात. झालेल्या कामाची दाद आणि पुढच्या कामाला बळ, असे दोन्ही त्यात असते. २००३ मध्ये गणितातलाच पहिला आबेल पुरस्कार त्यांनाच मिळाला. मानपत्रात एखाद्या प्रमेयाचा नव्हे, तर गणिताच्या अनेक शाखांना आधुनिक रूप देण्यातल्या त्यांच्या वाट्याचा उल्लेख आहे. माणूस तोच, पण पहिल्या सन्मानाला जीवनगौरव म्हणता येणार नाही, दुसऱ्याला खुशाल म्हणावे. शब्द निवडताना मानपत्र वाचावे ते यासाठी.

नोबेलला ‘पारितोषिक’ रुळले आहे, ते तसेच राहू द्यावे. त्याच्या मुळाशी परितोष, म्हणजे समाधान आहे. ‘पुरस्कार’ म्हणजे पुढे करणे, अग्रभागी ठेवणे. ‘स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला’ या वाक्यात तो मूळ अर्थ अजून जिवंत आहे.

मला खरा खटकतो तो ‘जीवनगौरव पटकावला’ हा प्रयोग. पटकावतात ते शर्यतीतले बक्षीस. १९९२ मध्ये सत्यजित राय यांनी मानद ऑस्कर कोलकात्यातल्या रुग्णशय्येवर स्वीकारला. तिथे ‘पटकावला’ लिहून पाहा, हात अडखळतो. ‘विजेते’ही नको. ‘मानकरी’ हा आपला जुना, घरंदाज शब्द आहे, तो वापरावा.

उपप्रश्न : मग ‘मरणोत्तर जीवनगौरव’ चालेल?

उत्तर : व्याकरणाने चालेल. माणूस गेला तरी जगलेले आयुष्य असतेच. फक्त ‘प्रदान केला’ लिहू नये, प्रदान घेणाऱ्याला करतात. ‘मरणोत्तर जाहीर झाला, कुटुंबीयांनी स्वीकारला’ असे लिहावे.