पासष्ट हजार भरून पुण्याचा हॅकिंग कोर्स करू का? (लॅपटॉप ४ जीबी रॅमचा)

अमळनेरचा_पोऱ्या

राम राम मंडळी. अमळनेर तालुक्यातला आहे, बीसीए झालंय. गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. सातबारा, पीकविमा, रेशनकार्डाची केवायसी, दिवसभर हेच. एथिकल हॅकिंगमध्ये (परवानगी घेऊन सिस्टिममधली भोकं शोधायचं काम) जायचंय. पुण्याच्या एका क्लासमधून रोज दोनदा फोन येतो. फी ६५ हजार, शंभर टक्के प्लेसमेंट, 'तीनशे टूल्स शिकवू' म्हणतात. आबा म्हणतात कापूस विकला की देतो. पण भाव बघता मला मागवत नाही.

लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) काली (हॅकिंगची टूल्स असलेलं लिनक्स) टाकलं, तर माउस हलेपर्यंत चहा होतो. तरी रात्री दोनपर्यंत बसतो. आई दारातून विचारते, 'काय करी राह्यना रे?' काय सांगू तिला?

आणखी एक. परवा इथल्या एका पतसंस्थेच्या साइटवर एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं टूल) चालवून पाहिलं. तीन पोर्ट (सर्व्हरची आत जायची दारं) उघडे दिसले. त्यांना जाऊन सांगितलं तर काम देतील का?

धुळेकर

आधी ते एनमॅप बंद कर भाऊ. लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिमला हात लावायचा नाही. आयटी कायदा २०००, कलम ४३ आणि ६६ वाचून घे. विनापरवानगी, गैरहेतूने आत शिरलास तर ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तू नुसती दारं मोजलीस हे मान्य, पण पतसंस्थेचा चेअरमन ते कसं घेईल हे तू मला सांग. आणि वेबसाइटला ८० अन् ४४३ उघडे असतातच, नाहीतर साइट दिसेल कशी?

भुसावळ_जंक्शन

मी भुसावळचा, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. सहा वर्षं पुण्यात हेच काम करतोय. फी भरू नको, निदान आत्ता तरी नको.

तीनशे टूल्सचं म्हणशील तर कालीत सहाशेच्या वर फुकट आहेत, म्हणजे क्लासवाला निम्मीच देतोय. भरीत चांगलं होतं ते वांगं काड्यांवर नीट भाजल्यामुळे, घरात भांडी किती आहेत त्यावर नाही. मी रोज उघडतो ते बर्प सूट (वेबसाइटला जाणाऱ्या रिक्वेस्ट पकडून बदलायचं टूल), एनमॅप, आणि हसू नको, वर्ड. कारण कंपनी पैसे देते ती रिपोर्टचे. ओएससीपी या हॅकिंगच्या सर्टिफिकेटची परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची, आणि त्यानंतर नुसता रिपोर्ट लिहायला आणखी २४ तास देतात. यावरून समज.

आता तुझा ४ जीबी. व्हर्च्युअल मशीन काढूनच टाक. मोबाइलवर टर्मक्स (लिनक्सच्या कमांड चालवणारं अ‍ॅप) घे, त्यात ओपनएसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरला जोडणारं टूल) टाक आणि 'ओव्हर द वायर'चा बँडिट हा खेळ सुरू कर, दर पायरीला पुढचा पासवर्ड शोधायचा असतो. फुकट आहे. लाइट गेली तरी चालतो, आपल्याकडे हे महत्त्वाचं. सुरुवातीलाच एक पासवर्ड अशा फाइलीत ठेवलाय जिचं नावच नुसतं एक आडवी रेघ आहे. कॅट (फाइल वाचून दाखवणारी कमांड) लिहून ती रेघ दिली की स्क्रीन ढिम्म. मी तासभर समजत होतो की नेट गेलंय. खरं म्हणजे कॅट माझ्याच टायपिंगची वाट बघत होतं, कारण त्याच्या लेखी त्या रेघेचा अर्थ 'कीबोर्डवरून घे' असा. रेघेच्या आधी टिंब आणि तिरपी रेघ लावली, की फाइल उघडते. लिनक्स मला तिथे कळायला लागलं, कॉलेजात नाही.

मग ओवॅस्पचं (वेब सुरक्षेवर काम करणारी संस्था) ज्यूस शॉप. मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं ऑनलाइन दुकान आहे, नोड जेएस (ते चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) टाकलं की तुझ्याच लॅपटॉपवर ३००० पोर्टवर चालतं. त्यात खातं उघड, बास्केटमध्ये रस टाक. फायरफॉक्समध्ये एफ १२ दाबून नेटवर्क बघ. बास्केटची जी रिक्वेस्ट जाते तिच्या पत्त्याच्या शेवटी तुझा नंबर असतो. तिथे १ टाकून परत पाठव. दुसऱ्याचं बास्केट समोर येतं, कारण सर्व्हरने 'हे तुझंच का?' असं विचारलेलंच नसतं. बस, एवढंच. हॅकिंग म्हणून सिनेमात हिरवी अक्षरं पळतात, आमच्या नोकरीत बहुतेक वेळा असा एक आकडा बदललेला असतो. ओवॅस्पच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत हाच प्रकार पहिल्या नंबरवर आहे.

हे जमलं की पोर्टस्विगरची (बर्प सूट बनवणारी कंपनी) वेब सिक्युरिटी अकॅडमी, तीही फुकट. जळगावला गोलाणीत रॅम बघ, ८ जीबी झाली की मेटास्प्लॉइटेबल २ (सरावासाठी मुद्दाम कच्चं ठेवलेलं व्हर्च्युअल मशीन) घे, पण नेटवर्क होस्ट-ओन्ली (बाहेरच्या नेटला न जोडलेलं) ठेव. त्यातल्या जुन्या एफटीपी (फाइली पाठवायच्या) सर्व्हरमध्ये कुणीतरी चोरवाट पेरलेली आहे. युजरनेमच्या शेवटी हसरा चेहरा टाकला की ६२०० पोर्टवर थेट रूट, म्हणजे सगळे अधिकार. २०११ मध्ये हे खरोखर उघडकीला आलं होतं.

यावलचा_केळीवाला

भुसावळ भाऊंचं पटलं, पण सर्टिफिकेट अगदीच उडवू नका. माझ्या चुलतभावाला काम येत होतं, तरी सीईएच (एथिकल हॅकिंगचं सर्टिफिकेट) नाही म्हणून तीन ठिकाणी अर्ज पुढेच गेला नाही. एचआरला बास्केट कळत नाही.

भुसावळ_जंक्शन

खरंय. पण ते सहा महिने हात बसल्यावर. आणि फी परत मिळण्याची अट लेखी मागून बघ, फोन आपोआप बंद होतात.

अमळनेरचा_पोऱ्या

मागितली. 'वरिष्ठांशी बोलून कळवतो' म्हणाले, चार दिवस झाले फोन नाही. पतसंस्थेचा विषय सोडला. रेघेवाली फाइल काल रात्री उघडली, दीड तास लागला, तुमचं उत्तर न बघता! बास्केटही झालं. दुकानात दोन म्हाताऱ्या पीकविम्याला थांबलेल्या, मी ओरडलो तर एक म्हणाली, पैसे जमा झाले का रे भाऊ?