मिडमारचे शिलावर्तुळ: चर्चने गिळले की सांभाळले?

पांथस्थ: ‘ख्रिस्ती धर्माने मिडमारचे शिलावर्तुळ गिळंकृत केले’ हे येथील कालचे विधान वाचून राहवले नाही. स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायरमधील हे वर्तुळ सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे, तर शेजारचे चर्च १७८७ चे. त्याआधीचे सेंट निडनचे चर्च निराळ्या जागी होते आणि त्याचे भग्नावशेष आजही उभे आहेत. जुने दैवत दडपायचेच होते, तर ती बुद्धी थेट अठराव्या शतकाच्या अखेरीस कशी सुचली, हे आरोपकर्त्यांनी सांगावे.

रानवाटा: आरोप करणारी मीच. मूर्ती मोडा, पण देवळे पवित्र करून वापरा, असे पोप ग्रेगरीने ६०१ मध्ये इंग्लंडला धर्मप्रसारासाठी निघालेल्या मेलिटसला कळवले होते, हे आपण सोयीस्करपणे विसरता. आणि १९१४ मध्ये वर्तुळाभोवती दफनभूमी आखली, तो काय गौरव होता? मी भर पावसात तेथे उभी होते. सुमारे वीस टनांचा आडवा धोंडा, त्याच्या दोन्ही बाजूंना सुळ्यांसारखे उभे दगड आणि पायाशी नीटस कातरलेले गवत! अशा वर्तुळांत सहसा आढळणारी दगडांची रास तेथे दिसत नाही. आजोबांना नवे धोतर नेसवून फोटोसाठी बसवावे, तसे ते दिसते.

वैदर्भीय: निदान आजोबा जागेवर तरी आहेत. नागपूरजवळ जुनापाणी परिसरात सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत. विदर्भातील अशा दगडांवरचे वाटीसारखे खळगे पाहून रिव्हेट-कारनॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याला एकोणिसाव्या शतकातच तशाच खळग्यांचे स्कॉटलंड आठवले होते. आमच्या शेतालगतच्या वर्तुळाचे धोंडे मात्र विहिरीच्या बांधकामात गेले, आणि ते उपसणारे माझेच काका.

पांथस्थ: विदर्भातील वर्तुळे लोहयुगीन दफनांची आहेत. खळग्यांवरून नाते जुळवू नका.

वैदर्भीय: नाते कोणी जुळवले? धोंडे कशाने टिकतात, एवढेच मी सांगतो आहे. शेजारी कबरी असत्या, तर काकांनी पहार उचलली नसती. तुम्हाला सनावळ्यांपलीकडे काही दिसतच नाही, त्याला माझा इलाज नाही.

रानवाटा: १७८७ चा मुद्दा नाइलाजाने मान्य करते. ग्रेगरीचे पत्रही मागे घेते. स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन, म्हणजे पोपला न मानणारे प्रोटेस्टंट, पोपचे ऐकून चर्च बांधत होते, असे म्हटल्यास तेच मला आधी पुरतील. १९१४ बद्दलचा राग मात्र कायम आहे. वैदर्भीय, त्या विहिरीला पाणी तरी लागले का?

वैदर्भीय: लागले होते. हल्ली मार्चमध्येच आटते.