जुनी गाडी: डिझेल घेतली की पेट्रोल? तुमचे खरे आकडे सांगा

नमस्कार मंडळी.

आमच्या घरात दोन महिने हा एकच विषय चालू आहे. जुनी गाडी घ्यायची हे ठरलं, साडेचार लाखांच्या आत बसवायची हेही ठरलं, पुढे मात्र काही सरकत नाही. मी कोथरूडला राहते, ऑफिस बाणेरला. आठवड्यातून तीन दिवस जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटर आणि महिन्यातून एकदा आई-बाबांकडे कराड. सगळं मिळून महिन्याला सहाशेच्या आसपास.

दादाचं म्हणणं, डोळे झाकून डिझेल घे. त्याने स्वतः २०१२ मध्ये डिझेल घेतली होती. तेव्हा पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे पंचवीस रुपयांच्या वर फरक होता, त्यामुळे त्याचा हिशोब बरोबरच होता. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून बाहेर आले आणि फरक आटत गेला. मी आत्ताचा हिशोब पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० धरून केला. पेट्रोल गाडी १५ चं अ‍ॅव्हरेज देते असं धरलं तर किलोमीटरला सहा रुपये त्र्याण्णव पैसे, डिझेल २० चं देते असं धरलं तर साडेचार रुपये. वर्षाला ७,२०० किलोमीटर फिरले तर साडेसतरा हजार वाचतात. हे साडेसतरा हजार दुरुस्तीत जातात का, हे मला कोणी सांगत नाही. जो तो आपलीच गाडी चांगली म्हणतो.

दोन गाड्या नजरेत आहेत. एक २०१७ ची डिझेल, ७८,००० रनिंग, ४ लाख १०. दुसरी २०१८ ची पेट्रोल, ४१,००० रनिंग, ४ लाख ४०. दोन्ही फर्स्ट ओनर.

म्हणून हा धागा. कितव्या वर्षाची घेतली, किती पळालेली होती, रोजचं फिरणं कसं, खिशातून काय गेलं, ते लिहा. पस्तावला असाल तर तेही लिहा. कंपनीचं नाव नको, त्यावरून वाद होतात आणि मूळ गोष्ट राहून जाते.

नाशिक, औषधविक्रीची फिरतीची नोकरी

माझ्याकडे मालेगाव, धुळे, नंदुरबार हा पट्टा आहे. २०१६ मध्ये चार वर्षं जुनी डिझेल हॅचबॅक घेतली, ७२,००० पळालेली. आत फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट नावाचं डिझेल इंजिन. हे इंजिन एके काळी इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत होतं की मालेगावच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला ते पाठ असायचं, सुटे भागही तिथेच मिळायचे. टायमिंगला ठरावीक अंतराने बदलावा लागणारा बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे तो एक मोठा खर्च नव्हता.

महिन्याला अडीच हजार किलोमीटर, सात वर्षं. २०२३ मध्ये विकली तेव्हा मीटर २ लाख ८२ हजारांवर होतं. हायवेला २२, एसी लावून २० च्या खाली कधी आलं नाही. सगळ्या पावत्या मी जपल्या आहेत. टायर, बॅटरी आणि नेहमीची सर्व्हिस सोडून सात वर्षांत १ लाख १२ हजार गेले. त्यात एकदा क्लच, एकदा डिझेल फवारणारे चारही नोझल खोलून साफ, बाकी सस्पेन्शन. दर दहा हजारांना ऑइल आणि डिझेल फिल्टर, यात एकदाही टाळाटाळ केली नाही.

ताई, माझ्या फिरण्याला डिझेलच हवी होती. तुमच्या सहाशे किलोमीटरला मी ती घेतली नसती.

पुणे, वाकड

मी नेमकं चुकीचं केलं, म्हणून सविस्तर लिहितो.

२०२३ मध्ये २०२० ची डिझेल घेतली, बीएस-६, ३४,००० रनिंग, आतून-बाहेरून नव्यासारखी. किंमत बघून वाटलं नशीब उघडलं. आमचं फिरणं म्हणजे मुलीची शाळा दोन किलोमीटर, बायकोचं ऑफिस चार किलोमीटर आणि डी-मार्ट. तिसऱ्या महिन्यात डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम आले. तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी तो स्वतःच जाळतो, पण त्यासाठी धूर खूप तापावा लागतो आणि गाडी काही वेळ सलग पळावी लागते. माझं इंजिन गरम होईपर्यंत शाळा यायची. जाळणं सुरू व्हायचं आणि मी किल्ली काढायचो. मिस्त्रीने सांगितलं, एक्सप्रेसवेला घेऊन जा, अर्धा तास एका वेगात चालवा. गेलो, लोणावळ्यापर्यंत. दिवा गेला. दीड महिन्याने परत लागला. मग दर दुसऱ्या रविवारी काजळी जाळायला लोणावळा, असं सुरू झालं.

पुढचं जास्त वाईट. काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं आणि ते काम अर्धवट राहिलं की थोडं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी खुणेच्या वर गेलेली पाहून मी आधी खूश झालो होतो, ऑइल कमी होत नाही म्हणून. मिस्त्रीने बोटावर घेऊन वास दिला तेव्हा कळलं. अकरा महिन्यांत ७० हजारांचा तोटा सोसून गाडी विकली. घेणारे गृहस्थ रोज चाकण-नारायणगाव करतात, त्यांना मी हे सगळं आधी सांगितलं. त्यांच्याकडे तीच गाडी आज बिनतक्रार चालते.

तुमची २०१७ ची म्हणजे बीएस-४, त्यात बहुधा हा फिल्टर नसेल. पण आमच्यासारखं फिरणं असणाऱ्या कोणी २०२० नंतरची डिझेल स्वस्तात दिसली म्हणून घेऊ नये, कळकळीने सांगतो.

पंढरपूर तालुका, शेती

आमच्याकडं हा प्रश्नच पडत नाही. ट्रॅक्टरला डिझेल लागतंय, कॅन घरातच असतोय, त्यातलंच गाडीला. जुनी बोलेरो घेतली २०१९ ला, दीड लाख किलोमीटर झालेली. वस्तीवरचा रस्ता, पावसात चिखल, मागं खताच्या पिशव्या, माणसं आठ. पेट्रोल गाडीचं हे कामच न्हाई. विकायला काढली तर आजही घेतलेल्या किमतीच्या जवळ जाईल. शहरातल्या लोकांचं वेगळं असंल.

चिपळूण

डिझेल-पेट्रोलच्या आधी एक गोष्ट बघा, आमच्या गावाने ती फार महाग शिकली आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली होतं. आमच्या आळीतल्या अकरा गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. विमा कंपन्यांनी त्यातल्या बऱ्याच टोटल लॉस म्हणून काढून घेतल्या. पुढे त्या कुठे गेल्या ते आम्हाला माहीत नाही, पण अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात येतात.

पुढच्या वर्षी मी स्वतःसाठी गाडी बघायला एका मोठ्या शहरात गेलो. एजंटने दाखवलेली डिझेल सेदान चकाचक होती आणि आत सुगंधी बाटली लावलेली. इतका वास कशाला, म्हणून मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. रोज कोणी तेवढा ओढत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची सरळ रेघ होती. ती रेघ मी माझ्या घराच्या भिंतीवर पाहिलेली आहे, मला दुसरं काही विचारायची गरज पडली नाही. सीटखालच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक माती.

अशी गाडी पेट्रोल असो वा डिझेल, वायरिंग आयुष्यभर त्रास देतं. चालू इंजिनात पाणी ओढलं गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, तिथे हा मार मोठा बसतो.

शेवटी मी ओळखीतल्या निवृत्त शिक्षकांची पेट्रोल गाडी घेतली, २०१४ ची, २८,००० पळालेली. गुहागर आणि आठवड्याचा बाजार, एवढंच आमचं फिरणं. तीन वर्षांत ऑइल, ब्रेक पॅड आणि बॅटरी यापलीकडे खर्च नाही. कुंभार्ली घाटात चार माणसं आणि एसी असला की दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, हे मात्र खरं. तिथे डिझेलची ओढ आठवते.

दिल्ली, मूळ अमरावतीची

आम्ही गाडी दिली तेव्हा इथे डिझेल दहा वर्षांची झाली की संपली, असंच होतं. राष्ट्रीय हरित लवादाने (एनजीटी) २०१५ मध्ये सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केलं: डिझेल दहा, पेट्रोल पंधरा. मधल्या काळात नियमांत बरीच उलथापालथ झाली, पण टांगती तलवार नको म्हणून आम्ही आमची २०१४ ची डिझेल २०२३ मध्येच एनओसी काढून नागपूरला नातेवाइकांना दिली. गाडी उत्तम होती, देताना रडू आलं.

महाराष्ट्रातल्यांना सांगायचं ते असं. दिल्लीची डिझेल स्वस्त दिसते, पण तिकडे पासिंग करताना तुमचा रस्ता कर भरावा लागतो आणि महाराष्ट्रात डिझेलवरचा कर पेट्रोलपेक्षा जास्त आहे. आमच्या नातेवाइकांचा आरटीओचा सगळा सोपस्कार पूर्ण व्हायला चार महिने गेले.

लंडन, हॅरो

इथेही हाच घोळ, वेगळ्या कारणाने. एके काळी इथे कार्बन डायऑक्साइड कमी म्हणून डिझेलला कर कमी होता, लोकांनी भरभरून घेतल्या. २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा रोजचा आकार, सगळ्या लंडनभर लागू झाला. डिझेल युरो-६ (तिकडच्या बीएससारखे इथले धुराचे नियम) नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड, पेट्रोलला मात्र युरो-४ पुरतं. म्हणून मी २००८ ची पेट्रोल घेतली आणि शेजारच्या काकांना २०१३ ची डिझेल काढावी लागली. इथली एक सोय तिकडेही असावी असं फार वाटतं. नंबर टाकला की दर वर्षीच्या तपासणीत मीटर किती होतं ते सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतं.

नागपूर, शिक्षक

पेट्रोलवाल्यांनी इथेनॉलचाही विचार करावा. माझी २००९ ची पेट्रोल आहे, २०१८ मध्ये घेतली. पंपांवर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून शहरात १६ देणारी गाडी १५ वर आली. इथेनॉलमध्ये उष्णताच पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे थोडं घटणारच. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग या मिश्रणाचा विचार करून केलेले आहेत, माझ्या गाडीचे नाहीत. गेल्या उन्हाळ्यात इंधनाच्या दोन रबरी नळ्या कडक होऊन तडकल्या होत्या, वेळेत दिसल्या आणि बदलल्या. वय झालेल्या रबराला तेच एक कारण असेल असं मी म्हणत नाही. पण जुनी पेट्रोल घेताना बॉनेट उघडून या नळ्या बोटाने दाबून बघा.

सांगली, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त मेकॅनिक

चौतीस वर्षं डिझेल इंजिनातच हात काळे केले, त्यामुळे माझा ओढा कुठे असणार ते उघड आहे. तरी ताई, तुमच्यासाठी मीही पेट्रोलच म्हणेन. पण २०१७ ची डिझेल बघायला जाणारच असाल तर एवढं करा.

सकाळी लवकर जा, आणि येतोय म्हणून नेमकी वेळ सांगू नका. गेल्यावर पहिल्यांदा हात बॉनेटवर ठेवा. इंजिन थंडगार पाहिजे. गरम डिझेल कुठलंही चालू होतं, दोष दिसतो तो थंड इंजिनात. हीटर प्लग थंड इंजिन आतून तापवतो, त्याचा डॅशबोर्डवरचा दिवा विझू द्या, मग किल्ली फिरवा. धडधाकट इंजिन एका झटक्यात पेटतं. चार वेळा फिरवावं लागलं आणि मागून पांढरा धूर, तर कॉम्प्रेशन कमी, नाहीतर हीटर प्लग किंवा नोझल बिघडलेले. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळते. एअर फिल्टर तुंबला असला तरी काळा येतो, त्यामुळे लगेच घाबरू नका.

मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. थोडं हलेल, ते चालतं. उडून पडलं, आणि भोकातून धूर भकाभका आला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या कडेने दाब खाली उतरतोय. तिथे हाफ इंजिनचा, म्हणजे इंजिन खोलून रिंगा वगैरे बदलण्याचा खर्च उभा आहे असं समजा आणि नमस्कार करून निघा.

ऑइल काळं आहे म्हणून डिझेलला नाव ठेवू नका. नवीन ऑइल टाकलं तरी थोडं चालवलं की ते काळं होतंच. पेट्रोल गाडीत मात्र ऑइल डांबरासारखं असेल तर मालकाने सर्व्हिस चुकवली आहे. मीटरवर विसंबू नका, क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्या बघा. चाळीस हजार दाखवते आणि पट्टीचं रबर गुळगुळीत झालंय, असं होत नाही. आणि गाडीचा नंबर देऊन सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद काढा, डिझेल असो की पेट्रोल.

कोथरूड, धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगलीच्या काकांचं वाचून शनिवारी सकाळी सात वाजताच धायरीला डिझेल बघायला गेले. बॉनेटला हात लावला तर चांगलंच गरम. मालक म्हणाले, आत्ताच दूध आणायला गेलो होतो. त्यांना विनंती केली की उद्या मी येईपर्यंत गाडी हलवू नका. जरा नाराज झाले, पण ऐकलं. रविवारी थंड इंजिन पाचव्या प्रयत्नाला चालू झालं आणि मागचं अंगण पांढरं झालं. ऑइलचं झाकण मी उघडलंच नाही.

संध्याकाळी पेट्रोल बघितली. क्लचच्या पट्टीवरच्या रेघा शाबूत, सीटबेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ, सर्व्हिसची नोंद ३९,००० पर्यंत सलग. ४ लाख २५ ला ठरली, टोकन दिलं. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या बुधवारी आहेत. दादाला अजून सांगितलेलं नाही.